क्रीमशिवाय बटाट्याचा ग्रातँ: दूध नासू न देता, चकत्या कच्च्या न ठेवता

ग्रातँ दोफिन्वा म्हणजे क्रीममध्ये थर लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या. या फ्रेंच पदार्थातले क्रीम काढून त्या जागी तेवढेच दूध ओतले की तो पथ्याचा झाला, असे समजून केलेला ग्रातँ बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने फसतो. भांड्याच्या तळाशी पाणी साचते, मधल्या थरात दुधाच्या गुठळ्या दिसतात, वरचा थर करपतो आणि सुरी घातली तर आतला बटाटा अजून करकरीत लागतो. माझ्या नात्यातल्या आणि शेजारच्या घरांतून आलेल्या तक्रारी जवळजवळ शब्दशः याच आहेत. खोदून विचारले तर साहित्य कोणाचेच चुकलेले नसते. क्रम चुकलेला असतो, आणि त्याहूनही अधिक म्हणजे चिरलेला बटाटा पाण्यात टाकण्याची आपल्या हाताला लागलेली सवय आड आलेली असते.

क्रीम या पदार्थात केवळ चवीसाठी नसते. त्यातल्या स्निग्धांशामुळे दुधातली प्रथिने तापूनही सहसा गुठळ्या धरत नाहीत, रस दाट राहतो आणि वरचा थर कोरडा न पडता तांबूस होतो. क्रीम काढल्यावर ही कामे दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात, आणि त्यांतली निम्मी-अधिक करू शकेल अशी वस्तू बटाट्यातच असते, ती म्हणजे त्याचा स्टार्च. खालच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याचा हेतू तो स्टार्च वाया न घालवता दुधात उतरवणे हा आहे.

पारंपरिक पद्धतीने १ किलो बटाट्यांना साधारण अर्धा लिटर क्रीम घेतले आणि ते ३५ टक्के स्निग्धांशाचे असले, तर एवढ्या क्रीममधूनच सुमारे १७५ ग्रॅम स्निग्धांश येतो. सहा जणांत वाटला तरी माणशी ३० ग्रॅमच्या आसपास. या लेखातल्या कृतीत पाऊण लिटर टोन्ड दूध, एक चमचा लोणी आणि एक चमचा तेल धरून तो माणशी सहा ग्रॅमच्या घरात राहतो. मात्र कमी होतो तो स्निग्धांश. बटाट्यातली कर्बोदके, १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम, होती तेवढीच राहतात. म्हणून मधुमेह असलेल्यांनी ‘हलका आहे’ एवढ्याच भरवशावर दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये.

साहित्य (सहा जणांसाठी, बाजूचा पदार्थ म्हणून)

- बटाटे १ किलो (सोलल्यावर सुमारे ९०० ग्रॅम)
- टोन्ड दूध ७५० मिलिलिटर
- स्किम्ड मिल्क पावडर ३ मोठे चमचे
- कॉर्नफ्लोअर २ लहान चमचे
- लसणाच्या ४ पाकळ्या
- मीठ १ लहान सपाट चमचा, ताजी कुटलेली मिरी अर्धा लहान चमचा
- जायफळ, बारीक किसणीवर चार-पाच वेळा घासून
- लोणी १ लहान चमचा, तेल १ लहान चमचा
- शिळा पाव १. ब्रुन पाव (कडक कवचाचा पाव) मिळाला तर अधिक चांगला

टप्पा १: आधी भांडे आणि ओव्हन तपासणे

हा टप्पा कंटाळवाणा असला तरी तो बटाटे सोलण्याच्या आधीच उरकावा. २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आणि किमान ५ सेंटिमीटर खोल भांडे या प्रमाणाला पुरते. बाजारातल्या अनेक काचेच्या भांड्यांना दोन्ही बाजूंना कान असतात आणि ते कान लहान ओटीजीच्या (टेबलावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनच्या) दारात अडतात, म्हणून रिकामे भांडे एकदा आत ठेवून दार बंद करून पाहावे. भांडे आणि वरचा रॉड यांच्यात किमान चार बोटे अंतर राहायला हवे. तेवढे राहत नसेल तर जाळी एक खाच खाली घ्यावी.

काच बोरोसिलिकेट, म्हणजे ओव्हनची उष्णता सोसणारी असावी. ॲल्युमिनियमचा केकचा साचाही चालतो, पण ज्याचा तळ निघतो तो साचा घेऊ नये. त्यातून दूध गळून ओव्हनच्या तळाशी जळते आणि तो वास पुढचे दोन दिवस घरातून जात नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांनी धातूचे भांडे फक्त कन्व्हेक्शनवरच ठेवावे, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनवर नाही.

सूचना: जुन्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांत पुष्कळदा ६ अँपिअरचे लहान सॉकेटच असतात. २३० व्होल्टला असे सॉकेट जेमतेम १,३८० वॉटचा भार घेते. ओटीजी त्याहून मोठा असेल तर तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडावा, अडॅप्टरने तडजोड करू नये.

टप्पा २: बटाटा निवडणे

मुंबईतल्या भाजीवाल्याकडे इंदोरी, आग्रा, तळेगाव अशी नावे ऐकू येतात, परंतु त्या नावांवर विसंबण्यापेक्षा बटाटा हातात घेऊन पारखणे अधिक खात्रीचे असते. एक बटाटा मधोमध कापून त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांवर घासावेत. कडेला पांढुरका फेस जमत असेल आणि दोन्ही भाग एकमेकांना किंचित चिकटत असतील, तर त्यात पुरेसा स्टार्च आहे. नुसते पाणी सुटत असेल तर तो बटाटा रस्स्याला ठेवावा. अगदी कोवळा, नखाने साल निघणारा नवा बटाटा याच कारणाने येथे उपयोगाचा नाही. त्याच्या चकत्या अखंड राहतात खऱ्या, पण दूध शेवटपर्यंत पातळच राहते.

पावसाळ्यात मिळणारा बराचसा बटाटा शीतगृहातला असतो. थंडीत स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो, त्यामुळे असा बटाटा गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये लवकर काळपट होतो. आठवडाभर आधी आणून हवेशीर, अंधाऱ्या टोपलीत ठेवल्यास हा गोडवा पुष्कळसा उतरतो. घरातल्या फ्रिजमध्ये बटाटे ठेवणे म्हणजे तोच दोष आपल्या हाताने निर्माण करणे होय.

हिरवट झालेले बटाटे घेऊ नयेत. हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य अधिक असते आणि ते शिजवल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाही. किंचित हिरवा डाग असल्यास तो खोलवर काढून टाकावा, अर्धाअधिक हिरवा असल्यास बटाटाच टाकावा.

साल ठेवावी का, हा प्रश्न आरोग्याचा विचार करणारे हमखास विचारतात. सालीत तंतू असतात हे बरोबर आहे, परंतु थरांच्या पदार्थात ती सुटून चिवट पट्ट्यांसारखी दातांत येते. माझे मत सोलण्याच्या बाजूने आहे. तंतू हवे असतील तर ताटात काकडीची कोशिंबीर वाढावी.

टप्पा ३: बटाटा चिरण्याआधी दूध तयार ठेवणे

येथेच बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी चकत्या केल्या जातात, मग दूध शोधले जाते, तोवर चकत्या काळ्या पडू लागतात आणि त्या वाचवण्यासाठी पाण्यात टाकल्या जातात. दूध आधी गॅसवर असेल तर हा प्रसंगच येत नाही.

पिशवीवर ‘टोन्ड’ असे लिहिलेले, ३ टक्के स्निग्धांशाचे दूध घ्यावे. तबेल्याचे म्हशीचे दूध याच्या दुपटीहून अधिक स्निग्ध असू शकते. तेच घरात येत असेल तर तापवून, थंड करून, जमलेली साय पूर्ण काढून वापरावे. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश १.५ टक्के असतो. त्यानेही ग्रातँ होतो, पण ते अधिक सहज नासते, म्हणून पहिल्या खेपेला ते टाळावे. दूध त्याच दिवशीचे आणि एकदा तापवलेले असावे. कालचे, किंचित आंबूस झालेले दूध चहात कदाचित निभावून जाईल, ओव्हनमध्ये निभावणार नाही.

थंड दुधातले एक वाटी दूध बाजूला काढून त्यात मिल्क पावडर आणि कॉर्नफ्लोअर गुठळ्या न राहतील असे फेटावे. पावडरमुळे स्निग्धांश न वाढता दुधाला दाटपणा येतो, तर कॉर्नफ्लोअर प्रथिनांना गुठळ्या धरण्यापासून अडवते. उरलेले दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात ठेचलेल्या लसणासह मंद आचेवर पाच मिनिटे गरम करावे, लसूण काढून टाकावा, मग फेटलेले मिश्रण ढवळत ढवळत ओतावे. मिरी आणि जायफळ आताच घालावे. श्रीखंडाच्या हिशोबाने जायफळ घालू नये. येथे त्याचा वास मागे राहिला पाहिजे, पुढे येता कामा नये.

फ्रेंच कृतींत पुष्कळदा एक सुगंधी पान सुचवलेले असते आणि आपण त्याऐवजी तमालपत्र टाकतो. ती दोन वेगळ्या झाडांची पाने आहेत. आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो आणि दुधात तो खिरीची आठवण करून देतो, म्हणून ते वगळावे.

सूचना: स्किम्ड मिल्क पावडर आणि चहासाठी मिळणारे डेअरी व्हाइटनर या एकच वस्तू नव्हेत. व्हाइटनरमध्ये बहुधा साखर मिसळलेली असते. पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच ते घ्यावे, नाहीतर ग्रातँ गोड होतो आणि त्यावर काही उपाय उरत नाही.

टप्पा ४: चकत्या करणे, आणि त्या न धुणे

बटाटे सोलून अख्खेच धुवावेत आणि स्वच्छ फडक्याने कोरडे पुसावेत. त्यानंतर त्यांना पाणी लागता कामा नये.

आपल्या घरांत बटाट्याची चकती आणि पाणी यांची जोडी फार जुनी आहे. उन्हाळ्यात वाळवणाचे वेफर्स करताना आपण चकत्या तीन-चार पाण्यांतून काढतो, तुरटी फिरवतो, कारण तेथे स्टार्च नको असतो. काचऱ्यांसाठी चिरलेला बटाटाही पातेलीभर पाण्यातच पडतो. मीही पहिल्या खेपेला सवयीने चकत्या तीन पाण्यांतून काढल्या होत्या, आणि दीड तास ओव्हन चालवल्यावर भांड्यात पातळ ताकात तरंगणारे बटाटे मिळाले होते. वाळवणाचा नियम येथे नेमका उलटा करायचा आहे. ज्या पांढऱ्या गढूळ पाण्याला आपण ओतून देतो, तेच या पदार्थातले क्रीम आहे.

चकती ३ मिलिमीटर जाडीची असावी. सुरीने एवढा सारखेपणा साधणे अवघड असते, म्हणून वेफर्सची किसणी किंवा स्लायसर वापरावा. वेफर्सच्या किसणीची सर्वांत पातळ धार येथे कामाची नाही. तिने काढलेल्या पारदर्शक चकत्या दुधात विरघळून लगदा होतो. जाडी ठरवता येत असेल तर मधली धार घ्यावी. बटाट्याचा शेवटचा तुकडा हाताने दाबून किसण्याच्या मोहात बोटे कापली जातात. तो सुरीने कापावा.

तपासणी: दहा चकत्या एकावर एक रचून पट्टीने मोजाव्यात. उंची ३ सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. ती २ हून कमी किंवा ४ हून अधिक भरली तर पुढे दिलेल्या वेळा लागू पडणार नाहीत.

एका बटाट्याच्या चकत्या झाल्या की त्या लगेच कोमट दुधात सोडाव्यात आणि मग दुसरा बटाटा घ्यावा. दुधात बुडालेली चकती काळी पडत नाही. सोडताना पत्ते पिसल्यासारख्या सुट्या कराव्यात, कारण एकमेकींना चिकटून राहिलेल्या पाच-सहा चकत्यांचा गठ्ठा मध्यभागी कच्चा राहतो आणि ते ताटात वाढल्यावरच कळते.

टप्पा ५: गॅसवर दुधात शिजवणे

सगळी कृती या दहा-बारा मिनिटांवर उभी आहे. कच्च्या चकत्यांवर थंड दूध ओतून थेट ओव्हनमध्ये ठेवण्याची पद्धत क्रीमच्या बाबतीत चालून जाते, कारण क्रीम तासभर तापले तरी सहसा फुटत नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधाला तेवढा वेळ ओव्हनमध्ये ठेवले तर त्याच्या गुठळ्या होण्याचा धोका बराच असतो. शिवाय दुधातल्या कॅल्शियममुळे बटाटा पाण्यापेक्षा दुधात उशिरा मऊ होतो. म्हणून अर्धे शिजवणे गॅसवर, आपल्या डोळ्यांसमोर उरकून घ्यायचे.

सर्व चकत्या दुधात गेल्यावर आच मध्यमहून थोडी कमी ठेवावी. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की ती अगदी मंद करावी आणि तेथून ८ ते १० मिनिटे मोजावीत. या काळात पातेल्यापासून दूर जाऊ नये. दर मिनिटाला सपाट उलथणे तळाला टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवावे. डाव गोल गोल फिरवल्यास चकत्या मोडतात आणि तळ मात्र सुटतच नाही. मिल्क पावडर आणि स्टार्च दोन्ही तळाशी बसणारे असल्यामुळे साध्या दुधापेक्षा हे मिश्रण लवकर लागते.

बटाट्याचा स्टार्च साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला फुगू लागतो. पहिल्या चार-पाच मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटते आणि मग एकाएकी दूध जड होऊ लागते. घाईने आच वाढवण्याची चूक नेमकी त्या आधीच्या मिनिटाला होते. खळखळून उकळी आल्यास गुठळ्या होण्याचा धोका आहेच, पण त्याहून आधी चकत्यांच्या कडा झिजून त्यांचा कुस्करा होतो.

मीठ शेवटच्या दोन मिनिटांत घालावे आणि दूध चाखून पाहावे. ते आपल्या आवडीपेक्षा जरासे अधिक खारट लागले पाहिजे, कारण पुढे बटाटा ते शोषून घेतो. तरीही एक सपाट चमचा ओलांडू नये. स्निग्धांश कमी करून मीठ दुप्पट करण्यात काही हशील नाही.

तपासणी: डाव दुधात बुडवून बाहेर काढावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंचे दूध ओघळून तिला मिटवले नाही, तर दाटपणा बरोबर आहे. मग एक चकती उचलावी. ती न मोडता वाकली पाहिजे आणि सुरीचे टोक किंचित अडखळत आत गेले पाहिजे. सुरी लोण्यात जावी तशी जात असेल तर वेळ थोडी अधिक झाली आहे. अशा वेळी ओव्हनमधला झाकलेला काळ दहा मिनिटांनी कमी करावा.

दूध लागल्याचा वास आलाच तर तळ खरवडू नये. वरचे सगळे हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात उतरवावे आणि खालचा थर पाण्यात भिजत टाकावा. एकदा खरवडलेला करपट वास जायफळानेही झाकला जात नाही.

टप्पा ६: थर लावणे

भांड्याला आतून लोण्याचा पुसट हात लावावा आणि ते लाकडी पाटावर किंवा कोरड्या फडक्यावर ठेवावे. ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेल्या काचेच्या भांड्यात उकळते दूध ओतल्यास काच तडकू शकते.

झाऱ्याने चकत्या उचलून एकमेकींवर अर्ध्या चढतील अशा पसराव्यात. खालच्या थरांत नक्षी करत बसण्याची गरज नाही, ते दिसत नाहीत. फक्त पोकळ जागा राहू नयेत. वरचा एक थर तेवढा नीट लावावा. एकूण उंची ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी.

मग दूध ओतावे, पण सगळे नाही. वरच्या चकत्यांच्या थोडे खाली येईपर्यंतच ओतावे. उलथण्याने वरून हलके दाबल्यावर दूध कडेने वर येऊन चकत्यांना भिजवत असेल, तर ते पुरेसे आहे. एखादी वाटी उरल्यास ती नंतर पुन्हा गरम करताना उपयोगी पडते. उरले आहे म्हणून ओतून टाकले की ग्रातँ कापताना पाझरतो.

टप्पा ७: भाजणे

ओव्हन १६० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे आधी तापवून ठेवावा, वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड सुरू असावेत. पंख्याच्या कन्व्हेक्शनमध्ये २० अंश कमी ठेवावेत. भांड्यावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवून ते मधल्या जाळीवर ३० मिनिटे ठेवावे. मिश्रण गरम असतानाच आत गेले पाहिजे. थर लावून भांडे तासभर बाहेर राहिले तर या ३० मिनिटांना काही अर्थ राहत नाही.

वीस मिनिटांनी फॉइलचा एक कोपरा उचलून पाहावा. कडेला दूध संथपणे बुडबुडत असावे. ते उसळत असेल तर तापमान लगेच १० ते २० अंशांनी उतरवावे. लहान ओटीजीचा काटा आणि आतले प्रत्यक्ष तापमान यांत एवढा फरक असणे सर्वसाधारण आहे, त्यामुळे काट्यापेक्षा बुडबुड्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

दरम्यान शिळा पाव हाताने जाडसर चुरून चमचाभर तेलात तव्यावर तांबूस होईपर्यंत परतावा. हे काम आदल्या दिवशी करून ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत चुरा रात्रीतून मऊ पडतो. अस्सल दोफिन्वामध्ये पावाचा चुरा नसतो. येथे तो घालण्याचे कारण असे, की कमी स्निग्धांशाचे दूध वरून उघडे भाजल्यास पापडासारखे सुकते. चुऱ्याचे पांघरूण ते सुकणे अडवते आणि कुरकुरीतपणाही पुरवते.

३० मिनिटांनी फॉइल काढून चुरा पसरावा, तापमान १९० अंश करावे आणि १२ ते १५ मिनिटे भाजावे.

तपासणी: पातळ सुरी भांड्याच्या बरोबर मध्यभागी तळापर्यंत घालावी. ती कोठेही न अडखळता गेली की ग्रातँ झाला. कडेला सुरी घालून केलेली तपासणी ग्राह्य धरू नये, कारण कडेचा बटाटा नेहमीच आधी शिजतो. मध्यभाग कच्चा असेल तर पुन्हा फॉइल झाकून १६० अंशांवर दहा-दहा मिनिटे वाढवत जावे.

ओव्हन नसलेल्यांनी टप्पा ६ जाड बुडाच्या पसरट पॅनमध्ये करावा, पॅन तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवून घट्ट झाकणाखाली अगदी मंद आचेवर २५ मिनिटे द्यावीत, आणि परतलेला चुरा वाढण्याच्या क्षणी वर पसरावा. वरचा थर भाजला जात नाही, पण चव आणि दाटपणा यांत फारसा फरक पडत नाही.

टप्पा ८: न कापता थांबणे

ओव्हनमधून काढलेला ग्रातँ पातळ दिसतो आणि पाहुणे ताटावर बसलेले असतात, त्यामुळे हा टप्पा सर्रास गाळला जातो. तो गाळू नये. फुगलेला स्टार्च थोडा निवल्यावरच रसाला धरून ठेवतो, म्हणून २० मिनिटे भांडे तसेच ठेवावे, फार तर वर सैल फडके टाकावे. घट्ट झाकण ठेवल्यास वाफेने चुरा भिजतो. २० मिनिटांनंतर सुरीने पाडलेला चौकोन आपला आकार धरून उचलला जातो.

ताटात तो भाताच्या किंवा पोळीच्या जागी धरावा, त्यांच्या जोडीला नव्हे. भाजलेली सुरमई, मुगाची उसळ, परतलेल्या फरसबीसारखी भाजी यांच्यासोबत तो शोभतो. वरण-भाताच्या शेजारी वाढल्यास सगळी काटकसर कर्बोदकांच्या ढिगाखाली जाते.

‘आणखी हेल्दी’ करण्याच्या नादात होणारे बदल

दुधाऐवजी दही किंवा चक्का घालण्याची सूचना मला वारंवार ऐकू येते. ती स्वीकारू नये. दही तापल्यावर फुटते ही अडचण तर आहेच, परंतु आंबटपणामुळे बटाटाही मऊ होण्याचे नाकारतो. तास उलटला तरी चकत्या करकरीत राहतात. हेच लिंबू आणि टोमॅटो यांनाही लागू आहे. कुस्करलेले पनीर नासत नाही, पण ते वितळतही नाही, आणि त्याचे दाणे पाहून खाणाऱ्याला दूध फुटल्याचाच संशय येतो.

चीज हवेच असेल तर प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, किसून टप्पा ५ मधल्या गरम दुधात विरघळवावा. त्यातल्या इमल्सिफाय करणाऱ्या, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी वेगळे होऊ न देणाऱ्या क्षारांमुळे रस उलट अधिक एकजीव होतो. मात्र त्याच क्षारांमुळे आणि मिठामुळे सोडियम वाढते, म्हणून वरून घालायचे मीठ निम्म्यावर आणावे.

बटाट्याचा काही भाग दुसऱ्या भाजीने बदलणे हा मला अधिक पटणारा उपाय आहे, परंतु एक तृतीयांशापलीकडे जाऊ नये. नवलकोल सर्वांत चांगले, कारण त्याच्याही चकत्या त्याच किसणीवर निघतात. फ्लॉवरचे पातळ काप चालतात. दोन्ही पाच मिनिटे वाफवून, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावेत आणि थर लावताना मधल्या थरांतच घालावेत. त्यांच्यात स्टार्च कमी असल्यामुळे कॉर्नफ्लोअर २ ऐवजी ३ चमचे घ्यावे. दुधी आणि कांदा यांना इतके पाणी सुटते की टप्पा ५ मध्ये कमावलेला दाटपणा ओव्हनमध्ये गमावला जातो, म्हणून ते येथे नकोत.

बिघडलेला ग्रातँ कितपत सावरता येतो

पातळ राहिलेला ग्रातँ सावरता येतो. भांडे जरासे तिरपे धरून जास्तीचे दूध वाटीत काढावे, त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घालावे, गॅसवर दाट करून ते पुन्हा ओतावे आणि दहा मिनिटे भाजावे. वरून करपलेला असेल तर चुरा खरवडून नवा पसरावा. दूध नासलेले असेल तर मात्र ते परत एकजीव होत नाही. दूध ताजे असून केवळ उष्णतेने फुटले असेल तर पदार्थ खाण्याजोगा असतो, फक्त दिसायला वाईट. आंबूस वास येत असेल तर तो टाकून द्यावा.

उरलेला ग्रातँ

मुंबईच्या उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुधाचा शिजवलेला पदार्थ ओट्यावर दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. उरलेला भाग उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन दिवस चांगला राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चौकोन अधिक नेटके पडतात. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. पुन्हा वितळताना स्टार्चमधून पाणी सुटते आणि चकत्या स्पंजासारख्या होतात.

गरम करताना राखून ठेवलेले दोन-तीन चमचे दूध वर शिंपडावे, भांडे झाकावे आणि १५० अंशांवर १५ ते २० मिनिटे द्यावीत. मायक्रोवेव्हमध्ये मध्यम शक्तीवर, मधून मधून थांबत गरम करावे. पूर्ण शक्तीवर कडा उकळतात, मध्यभाग थंड राहतो आणि नासण्याची जी भीती पहिल्या दिवशी टळली ती येथे खरी ठरते. फ्रिजमधून काढलेले काचेचे भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये. ते थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन सुरू करावा, आणि परतलेला ताजा चुरा शेवटच्या पाच मिनिटांत झाकण काढून घालावा.